विजेचे दर भडकतात तेव्हा: स्वतंत्र अभ्यास, त्यासाठी पैसा आणि आयोगापर्यंतची वाट

मार्च २०२२ च्या अखेरीस इंडियन एनर्जी एक्स्चेंज (आयईएक्स) या विजेच्या घाऊक बाजारात पंधरा-पंधरा मिनिटांच्या काही ब्लॉकमध्ये विजेचा दर युनिटला २० रुपयांवर गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांकडचा कोळसा सरासरी चार दिवसांपुरता उरला होता. १ एप्रिल २०२२ ला केंद्रीय वीज नियामक आयोगाने दरावर १२ रुपयांची मर्यादा घातली. २९ एप्रिलला देशाची कमाल मागणी २०७ गिगावॉटवर पोचली. ५ मे रोजी केंद्राने वीज कायद्याचं कलम ११ वापरून आयात कोळशावरच्या केंद्रांना पूर्ण क्षमतेने चालायला सांगितलं. त्यात महाराष्ट्राचा ७६० मेगावॉटचा वाटा असलेला गुजरातमधला मुंद्रा प्रकल्पही होता.

प्रत्येक टप्प्यावर वीज कंपन्या, कोळसा खातं, ब्रोकरेज, उद्योगांच्या संघटना अशा सगळ्यांच्या सादरीकरणाच्या फाइल तयार होत्या. बिल भरणाऱ्याच्या बाजूने आकडे मांडणारे मात्र मोजकेच होते. पुढच्या वेळी ही संख्या वाढावी म्हणून हा लेख. पुण्या-नागपुरातला निवृत्त अभियंता, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांची संघटना, डेटा हाताळता येणारे दोन-तीन तरुण, यांनी मिळून एक अभ्यास करायचा ठरवला तर सुरुवात कुठून करायची, पैसे कोणाचे घ्यायचे, आणि निष्कर्ष कोणाच्या हातात द्यायचे, हे इथे क्रमाने सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. संकट आल्यावर सुरू केलेला अभ्यास बहुतेक वेळा वाया जातो. आकडे आधीपासून साठवलेले असावे लागतात, पैसाही आधीच उभा असावा लागतो. खुद्द संकटात करायचं काम तेवढं लिहिण्याचं आणि तपासून घेण्याचं असतं.

हे जमतं का? दाभोळचा दाखला

जमतं, आणि महाराष्ट्रात जमलेलं आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं जागतिक बँकेने त्याच वर्षी सांगितलं होतं. करार सुरुवातीला गोपनीय होता. पुण्यातल्या 'प्रयास' या संस्थेत गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांनी तो मिळेल तसा वाचला आणि स्वतः हिशेब मांडला. डॉलरशी बांधलेला दर, वीज घेतली नाही तरी भरावा लागणारा क्षमता आकार, आणि त्यापायी महागडी वीज घेऊन स्वस्त केंद्रं बंद ठेवण्याची पाळी, हे सगळं त्यांनी प्रकल्प सुरू होण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. २००० साली काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. एन्रॉन त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली.

दुसरा दाखला कमी गाजला, पण मला तो जास्त मोलाचा वाटतो. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि पहिल्यांदाच मंडळाला आकडे उघड्यावर मांडावे लागले. ग्राहकांच्या प्रतिनिधींनी शेतीपंपांच्या वापराचे आकडे तपासायला घेतले. तोवर वीस टक्क्यांच्या आत सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात तीसच्या वर निघाली, कारण मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर वाटेल तेवढी वीज खपवली जात होती. त्यासाठी कुठलं गुप्त कागदपत्र लागलं नाही. सार्वजनिक याचिका नीट वाचली, एवढंच.

पायरी १: प्रश्न लहान करा

"वीज महाग का झाली?" हा अभ्यासाचा विषय होत नाही, ती टीव्हीवरची चर्चा होते. प्रश्न असा हवा की उत्तर चुकलं तर ते दुसऱ्याला दाखवून देता यावं. उदाहरणार्थ: एप्रिल-मे महिन्यांत महावितरणने संध्याकाळी सात ते अकरा या वेळात एक्स्चेंजवरून किती वीज घेतली आणि त्याच ब्लॉकमध्ये कोयना किती चालू होतं?

हा प्रश्न मी मुद्दाम घेतला. कोयनेतून पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा आहे आणि जलवर्ष १ जूनला बदलतं. उन्हाळ्याच्या शेवटी किती पाणी हाताशी ठेवायचं, हा निर्णय थेट पैशांत मोजता येतो. धरणाची पातळी उघड असते, एक्स्चेंजचे दर उघड असतात, वीजकेंद्रांची निर्मिती रोज जाहीर होते. तीन सार्वजनिक तक्ते शेजारी ठेवले की उत्तराचा मोठा भाग हाती येतो. असा प्रश्न निवडा.

आणखी एक कसोटी आहे. उत्तर मिळालं तर आयोगाने, महावितरणने किंवा सरकारने वेगळं काय करायचं, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर तो विषय पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.

पायरी २: आकडे साठवा, आजपासून

ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी. संकेतस्थळांची रचना बदलते, जुने दुवे मरतात, अहवालांचे रकाने बदलतात. म्हणून रोज आपोआप डाउनलोड होणारी साधी व्यवस्था लावा आणि मूळ फाइल आहे तशीच ठेवा. त्यात काहीही दुरुस्त करू नका. दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करायची. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरच्या वापराच्या अटी मात्र आधी वाचून घ्या. दर वाचायला मोकळे असले, तरी पूर्ण तक्ता पुन्हा प्रसिद्ध करायला परवानगी असेलच असं नाही.

एक्स्चेंजचा तक्ता वाचताना चार गोष्टी सांभाळा. दिवसाचे ९६ ब्लॉक असतात, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. दर रुपये प्रति मेगावॉट-तास असा दिलेला असतो, म्हणजे १२,००० दिसलं तर ते १२ रुपये युनिट. सरासरी काढताना साधी काढली की विकल्या गेलेल्या विजेच्या प्रमाणात भारित काढली, ते लिहून ठेवा. टंचाईच्या दिवसांत या दोन्हींत चांगलाच फरक पडतो, आणि आपल्याला सोयीची ती सरासरी उचलायचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त चुकते. दरावर मर्यादा आली की दर बोलायचा थांबतो. एप्रिल २०२२ पासून कित्येक ब्लॉक सलग १२ रुपयांवर चिकटलेले दिसतात. ते पाहून "बाजार स्थिर आहे" असं म्हणता येत नाही. तेव्हा शेजारचे रकाने बघायचे: खरेदीसाठी किती मेगावॉटची बोली आली, विक्रीला किती आली आणि प्रत्यक्षात किती वीज मिळाली. मर्यादेच्या काळात टंचाईचं खरं माप या तफावतीत असतं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये मर्यादा १० रुपयांवर आली. त्यामुळे २०२२ आणि २०२३ चे उन्हाळे नुसत्या दरावर ताडून पाहणारा आलेख पाहिला की मी तिथेच वाचन थांबवतो.

कोळशासाठी केंद्रीय वीज प्राधिकरणाचा रोजचा अहवाल आहे, नॅशनल पॉवर पोर्टलवर मिळतो. त्यातही खाच आहे. साठा किती असावा याचे निकष डिसेंबर २०२१ मध्ये बदलले: खाणीजवळच्या केंद्रांना १२ ते १७ दिवस, दूरच्यांना २० ते २६ दिवस. कोणतं केंद्र 'क्रिटिकल', म्हणजे कोळसा धोकादायक कमी उरलेलं, म्हणायचं याची व्याख्याही सोबत बदलली. त्यामुळे "२०२१ मध्ये इतकी केंद्रं क्रिटिकल होती, २०२२ मध्ये तितकी" ही तुलना लंगडी पडते. टनांत साठा घ्या, रोजच्या वापराने भागा आणि दिवस स्वतः काढा.

मागणी-पुरवठ्याचा रोजचा अहवाल देशाचं वीजजाळं सांभाळणारी ग्रिड-इंडिया काढते. नोव्हेंबर २०२२ पर्यंत याच संस्थेचं नाव पोसोको होतं, जुन्या फाइल शोधताना हे उपयोगी पडतं. राज्यातलं चित्र ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून मिळतं. कोणतं केंद्र स्वस्त, कोणतं महाग, याची क्रमवारी म्हणजे मेरिट ऑर्डर तिथे असते.

अहवालातला 'तुटवडा' हा रकाना मात्र राज्यांनी कळवलेला असतो. गावच्या फीडरवर (उपकेंद्रातून वीज आणणाऱ्या वाहिनीवर) अघोषित तीन तास वीज गेली, तर तिचं प्रतिबिंब त्यात पडेलच असं नाही. ही फट भरायला 'प्रयास'ने साध्या घरांमध्ये, दुकानांमध्ये, शेतावर प्लगला लावायची यंत्रं बसवली, मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवला आणि देशभरातल्या शेकडो ठिकाणांची माहिती सगळ्यांना खुली केली. एवढं शक्य नसेल तर दहा गावांत दहा माणसांना वहीत वेळ लिहायला सांगा. वीज गेली किती वाजता, आली किती वाजता, फीडरचं नाव काय. महावितरणने एप्रिल २०२२ मध्ये जास्त गळतीच्या, म्हणजे जी-१, जी-२, जी-३ गटांतल्या फीडरवर भारनियमन जाहीर केलं होतं. अशा वेळी फीडरनिहाय वही हाताशी असली की जाहीर झालेलं आणि घडलेलं यांची तुलना करता येते.

जे उघड नाही त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महावितरण सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे दहा रुपयांत अर्ज होतो, मुदत तीस दिवसांची. संकट सुरू झाल्यावर एप्रिलमध्ये अर्ज केला तर पहिलं अपील होईपर्यंत पाऊस पडायला लागतो. तेव्हा अर्ज जानेवारीत करा. "व्यापारी गुपित" म्हणून कलम ८(१)(d) पुढे करून नकार आला, तर त्याच कलमात व्यापक जनहिताचा अपवाद आहे, तो अपिलात नेमका उद्धृत करा. ज्या खर्चाची वसुली ग्राहकाच्या बिलातून होणार तो ग्राहकापासून गुप्त कसा, हा मुद्दा साधा आहे आणि बराच टिकतो.

पायरी ३: हिशेब असा मांडा की शेजाऱ्याला तपासता येईल

एक नमुना. समजा महावितरणने संध्याकाळचे चार तास १,००० मेगावॉट वीज १२ रुपयांनी घेतली. ४,००० मेगावॉट-तास म्हणजे ४० लाख युनिट, खर्च ४ कोटी ८० लाख रुपये. मथळा व्हायला पुरेसा आकडा. आता समजा त्या दिवशीची एकूण खरेदी ४० कोटी युनिट होती. तर हा खर्च सगळ्या युनिटांवर पसरला की युनिटमागे १२ पैसे होतात.

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय अभ्यास प्रामाणिक होत नाही. देशातल्या एकूण विजेपैकी एक्स्चेंजवरून होणारी खरेदी त्या काळात दहा टक्क्यांहून कमी होती. उरलेली बहुतेक दीर्घ मुदतीच्या करारांतून येते. बिल वाढण्यामागे एक्स्चेंजचे २० रुपये किती, कोळशाच्या दरातली वाढ किती आणि न घेतलेल्या विजेचा स्थिर आकार किती, हे वेगळं काढल्यावर कधी कधी आपल्याच मोर्चातल्या घोषणेला सुरुंग लागतो. लागू द्या. ज्यांचे हिशेब स्वतःच्या बाजूविरुद्धही जातात, त्यांना सुनावणीत जास्त लक्षपूर्वक ऐकलं जातं, असा माझा अनुभव आहे.

प्रसिद्धीआधी दोन माणसांना तपासायला द्या. एक विषयातला, दुसरा त्या निष्कर्षावर रागावेल असा. ज्या कंपनीबद्दल लिहिलं तिलाही आकडे पाठवून उत्तरासाठी ठरावीक दिवस द्या, आणि उत्तर आलं तर ते अहवालात छापा. "कंपनीने वीज मुद्दाम रोखली" असं लिहिण्याइतका पुरावा क्वचितच असतो. "या ब्लॉकमध्ये हे केंद्र उपलब्ध असूनही कमी चाललं, कारण नोंदलेलं नाही" एवढं लिहिता येतं. बदनामीच्या नोटिशीपासूनही तेच वाचवतं.

पायरी ४: पैसा

इथे बरेच चांगले गट अडकतात, म्हणून जरा थांबून.

कॅलिफोर्नियात २०००-०१ साली वीजबाजार कोसळला तेव्हा काय झालं ते पाहा. पॉल जॉस्को आणि एडवर्ड कान यांनी हिशेब मांडून दाखवला की २००० च्या उन्हाळ्यातले दर नुसत्या इंधनखर्चाने आणि मागणीने समजावून सांगता येत नाहीत, निर्मिती रोखून धरल्याची चिन्हं दिसतात. त्या कामाला पाठबळ होतं सदर्न कॅलिफोर्निया एडिसनचं, म्हणजे वीज विकत घेणाऱ्या कंपनीचं. त्यावर स्कॉट हार्वी आणि विल्यम होगन यांनी प्रतिवाद केला. त्यांना पाठबळ होतं मिरांटचं, म्हणजे वीज विकणाऱ्या कंपनीचं. दोन्हीकडे नावाजलेले अभ्यासक होते आणि पाठबळ जाहीर होतं. तरीही सामान्य वाचकापुढे प्रश्न उरलाच: कोणाचं धरायचं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऊर्जा संस्थेतल्या सेव्हरिन बोरेनस्टीन, जेम्स बुशनेल यांनी स्टॅनफर्डच्या फ्रँक वोलॅक यांच्यासोबत स्वतंत्रपणे हिशेब केला, म्हणून चर्चेला तिसरा पाय मिळाला. मे २००२ मध्ये एन्रॉनच्या दलालांच्या क्लृप्त्यांची टिपणं उघड झाली, पण तोपर्यंत अंधाराचे आणि दिवाळखोरीचे महिने उलटून गेले होते.

यातून मी नियम काढतो तो असा: दर ठरण्यात ज्याचा थेट फायदा-तोटा आहे, त्याच्याकडून त्या विषयासाठी पैसा घ्यायचा नाही. वीजनिर्मिती कंपनी, वितरण कंपनी, ट्रेडर, एक्स्चेंज, कोळसा आयातदार, सौर पॅनलचा विक्रेता, सगळे यात आले. सौरवाले आपल्या बाजूचे वाटतात म्हणून त्यांना सूट देऊ नका. मोठ्या वीजग्राहक कारखान्यांच्या संघटनेचा पैसा थोडा वेगळा आहे. तोही हितसंबंधच. घ्यायचाच असेल तर एकूण निधीच्या लहान हिश्शापुरता, आणि घरगुती विरुद्ध औद्योगिक दरांवर लिहीत असाल तेव्हा अजिबात नाही.

मग उरतं काय?

सदस्यांची वर्गणी. हौसिंग सोसायट्या, यंत्रमागधारक, ग्राहक पंचायती, निवृत्त अभियंते. रकमा लहान असतात, पण हाच पैसा वेळेवर येतो आणि कोणी फोन करून निष्कर्ष विचारत नाही. एका देणगीदाराचा वाटा किती टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, हे आधी ठरवून लिहून ठेवा. मी दहावा भाग म्हणेन. परदेशातल्या मराठी मंडळींनाही मदत करावीशी वाटते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय देणगी धरला जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने दिलेला धरला जातो. हे विचारून, लिहून घेतल्याशिवाय एक डॉलरही स्वीकारू नका.

देशी प्रतिष्ठानं. यांच्याकडे प्रस्ताव पाठवताना "संकट निधी" मागू नका. दोन माणसांच्या दोन वर्षांच्या पगाराची मागणी करा आणि आकडे साठवण्याचं काम हेच मुख्य काम म्हणून दाखवा. करारात तीन कलमं असलीच पाहिजेत: निष्कर्षावर देणगीदाराला अधिकार नाही, प्रसिद्धीआधी मसुदा दाखवण्याची सक्ती नाही, आणि सगळं खुलं प्रसिद्ध होईल. यावर कोणी अडून बसला तर नम्रपणे उठा.

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणारा हा पैसा आकर्षक दिसतो, पण मार्चअखेर खर्च दाखवायची घाई, फोटोंची हौस आणि दृश्य परिणामांचा आग्रह यांच्याशी संशोधनाचं जमत नाही. वीजक्षेत्राबाहेरची कंपनी असेल तर यंत्रांसाठी घ्या, पगारांसाठी नको.

सरकारी संशोधन निधी. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे प्रकल्प असतात, विद्यापीठातल्या प्राध्यापकामार्फत अर्ज करावा लागतो. वेळ लागतो. संकट संपल्यावर मंजुरीचं पत्र येईल, पण पुढच्या संकटासाठी तेच उपयोगी आहे.

परदेशी प्रतिष्ठानं. ऊर्जाक्षेत्रात संशोधनाला मोठा पैसा इथूनच येतो. त्यासाठी परकीय देणगीच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेने हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. म्हणजे मोठ्या संस्थेच्या छत्राखाली लहान गटाने काम करायची जुनी वाट उरली नाही. प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या जुन्या संस्थेचा परवाना फेब्रुवारी २०२३ मध्ये निलंबित झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द. तेव्हा या पैशावर पगार टांगू नका.

नोंदणीचं थोडक्यात: सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, यांपैकी काहीही चालेल. पहिल्या दोघांना धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून वेगळी नोंदणी हवी, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. चांगला सनदी लेखापाल शोधा, बाकी तो सांगेल. संस्था काढायची नसेल तर महाविद्यालयाशी किंवा आधीपासून काम करणाऱ्या ग्राहक संघटनेशी करार करून सुरुवात करा. पहिल्या वर्षी मला हेच शहाणपणाचं वाटतं.

देणगीदारांची यादी रकमेसह संकेतस्थळावर ठेवा. आणि गटातल्या प्रत्येकाने आपल्याकडे कोणत्या वीज कंपनीचे शेअर आहेत तेही जाहीर करा. हा दिखाऊ सोवळेपणा वाटेल, पण जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आयोगाचा मार्केट कपलिंगचा, म्हणजे सगळ्या एक्स्चेंजचा दर एकत्र ठरवण्याचा आदेश आला तेव्हा आयईएक्सचा शेअर एका दिवसात पाव भागाहून जास्त कोसळला, आणि आदेशाची माहिती आधीच फुटल्याच्या संशयावरून शेअरबाजार नियामक सेबीने आठ जणांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. वीजबाजाराच्या अभ्यासाला शेअरबाजारात किंमत आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

पायरी ५: वाटा, पण तीन वेगळ्या रूपांत

पहिलं रूप तक्ते आणि सूत्रांचं. आकडे आणि गणिताची फाइल झेनोडो किंवा हार्वर्ड डेटाव्हर्ससारख्या भांडारात ठेवा. 'प्रयास'ने व्होल्टेजच्या नोंदी डेटाव्हर्सवर ठेवल्या आहेत. तिथे कायमचा क्रमांक मिळतो आणि प्रत्येक आवृत्ती वेगळी जपली जाते. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, नाव देऊन वापरायचा, एवढाच. एक्सेलमध्ये केलं असेल तर एक्सेलच द्या, त्यात कमीपणा नाही. स्कॅन केलेली पीडीएफ मात्र देऊ नका. तिच्यावर आपण इतकी वर्षं सरकारी खात्यांना शिव्या घातल्या आहेत.

युरोपात २०१५ पासून ग्रिड चालकांच्या संघटनेला निर्मिती, मागणी आणि दर एका खुल्या पोर्टलवर टाकावे लागतात. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला तेव्हा तिथले लहान गट काही दिवसांत विश्लेषण देऊ शकले, ते या आधीच्या सात वर्षांच्या नोंदींच्या जोरावर.

दुसरं रूप दोन पानांचं मराठी टिपण. पहिल्या परिच्छेदात उत्तर, मग एक तक्ता, मग "यावर कोणी काय करावं". मेगावॉट-तास नको, युनिट लिहा. दशलक्ष युनिट नको, कोटी लिहा. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला किती रुपये पडतात, ते हवंच. तालुक्याच्या बातमीदाराला हेच हवं असतं, आणि त्याने छापलेली बातमी आमदाराच्या टेबलावर पोचते, अहवाल पोचत नाही.

तिसरं रूप आयोगासाठी.

पायरी ६: आयोगापुढे जा

समाजमाध्यमांवर कितीही गाजलं तरी तिथे कोणाला उत्तर द्यायची सक्ती नसते. आयोगापुढे असते. वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराची याचिका प्रसिद्ध करावी लागते, आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्याव्या लागतात, आणि कलम ८६(३) आयोगाला पारदर्शकतेचं बंधन घालतं. महाराष्ट्र आयोगाच्या दर आदेशांत हरकत, तिला कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय, असं सगळं मुद्द्यानुसार छापलं जातं. तुमचा आकडा त्या कागदावर एकदा चढला की पुढची अनेक वर्षं तो दुसऱ्यांना वापरता येतो.

वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, त्यात शेवटची तारीख असते, बहुधा तीन आठवड्यांच्या आसपासची. याचिकेचा मराठी सारांश मिळतो, पण खरा माल इंग्रजीतल्या मोठ्या फाइलमध्ये आणि सोबतच्या एक्सेल तक्त्यांत असतो. हरकत आयोगाच्या संकेतस्थळावरच्या ई-पब्लिक कन्सल्टेशनमधून देता येते. त्यात नाव, पत्ता, ईमेल आणि कोणत्या गटाच्या वतीने बोलताय ते लिहा. "प्रत्यक्ष सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे" हे वाक्य विसरू नका. मुद्द्यांना क्रमांक द्या, प्रत्येक मुद्द्याखाली याचिकेचं पान आणि तक्ता क्रमांक टाका. पान क्रमांक नसलेल्या हरकतीला "सूचना विचारार्थ नोंदवली" असं गुळमुळीत उत्तर देणं फार सोपं असतं.

जनसुनावणीत मिनिटं थोडी मिळतात. आधी बोलणारे बिलांच्या तक्रारी सांगत असतात, त्या खऱ्याच असतात, सभागृह तापलेलं असतं. तुम्ही एकच मुद्दा बोला, मराठीत बोला, छापील पान सदस्यांच्या हाती द्या.

कलम ९४(३) खाली आयोग ग्राहकांच्या वतीने बाजू मांडायला संस्थांना प्राधिकृत करू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. याचिका आयोगाने स्वीकारण्याआधीच्या तांत्रिक पडताळणीच्या बैठकीला असे प्रतिनिधी बोलावले जातात, आणि तिथे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कंपनीला याचिकेत समाविष्ट करावी लागतात. आकडे मिळवायला माहिती अधिकारापेक्षा ही वाट कितीतरी वेगवान. तुमचा गट नवा असेल तर तुमचा प्रश्न त्यांच्यामार्फत पाठवा.

पायरी ७: आदेश आल्यावर

आदेशात आपल्या मुद्द्याचा क्रमांक शोधा. मान्य, अमान्य की बगल दिली, ते टिपणाच्या नव्या आवृत्तीत लिहा. गणिताची उघड चूक दिसली तर फेरविचार याचिका, कायद्याचा मुद्दा असेल तर कलम १११ खाली ४५ दिवसांत दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात अपील. ते खर्चिक आहे, वकील लागतो, आणि मोठ्या ग्राहक संघटनेने केलेलं बरं.

त्यानंतर बिलावरच्या इंधन समायोजन आकाराकडे लक्ष ठेवा. आदेशातल्या अंदाजापेक्षा वीज महाग पडली की फरक तिथून वसूल होतो. उन्हाळ्यातल्या एक्स्चेंजच्या खरेदीचा पैसा पावसाळ्यातल्या बिलात उगवतो, तोवर वर्तमानपत्रांचा विषय बदललेला असतो. त्या आकाराच्या मंजुरीची कागदपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर येतात, महिन्यानुसार आणि स्रोतानुसार खरेदीसह. पायरी २ मधल्या साठ्यात तीही जमा करत राहा.